अ‍ॅप उघडायचे कुठून?

मोबाइलवर एकदा उघडलेले अ‍ॅप सरासरी मिनिटभरही वापरात राहत नाही. मात्थियास ब्योमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४,१२५ अँड्रॉइडधारकांच्या वापराच्या नोंदी तपासून हे दाखवून दिले. दिवसाकाठी लोक जवळजवळ तासभर फोनवर असत, पण तो तास छोट्या छोट्या तुकड्यांचा असे. पुढे व्हिडिओ आणि रील्स आले, तासाचे कित्येक तास झाले. कामाच्या अ‍ॅपचा वापर मात्र अजूनही तसाच तुकड्यातुकड्यांचा आहे. पैसे पाठवायचे, लोकलचे तिकीट काढायचे, बस कुठे आली ते बघायचे, की फोन परत खिशात. काम चाळीस सेकंदांचे आणि त्याचे अ‍ॅप सापडायला आठ-दहा सेकंद, असे झाले तर निदान सहावा हिस्सा वेळ दारातच जातो. अ‍ॅपच्या आतल्या मांडणीवर कंपन्या अमाप पैसा आणि डोके लावतात. अ‍ॅपपर्यंत नेणारी वाट कोणा एका अ‍ॅपच्या मालकीची नसते, म्हणून तिच्याकडे त्या मानाने फार कमी लक्ष जाते. या वाटेवर गेल्या तीस वर्षांत जे प्रयोग झाले, ते एकत्र पाहिले तर माझ्या मते त्यांतून एक निष्कर्ष निघतो. रोज लागणाऱ्या अ‍ॅपची जागा पक्की ठेवली, की ते उघडणे सोपे होते. क्वचित लागणाऱ्या अ‍ॅपची सुरुवात त्याच्या नावाऐवजी समोरच्या कामापासून झाली, की ते उघडणे सोपे होते. फोननेच आपल्या मनातले ओळखून अ‍ॅप पुढे करावे, या तिसऱ्या मार्गाचा गाजावाजा सर्वांत जास्त झाला आहे. त्याचा भरवसा सर्वांत कमी आहे.

पक्क्या जागेचा मार्ग सर्वांत जुना. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलट या खिशातल्या संगणकाला खालच्या बाजूला चार बटणे होती: रोजनिशी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे. यंत्र बंद असताना त्यातले कुठलेही बटण दाबले, तरी यंत्र सुरू होऊन थेट तेच पान समोर येई. सुरू करणे आणि उघडणे या दोन पायऱ्यांची एकच पायरी झाली होती. नोकियाच्या फोनमध्ये मेनूतल्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक असे आणि तो स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात दिसे. मेनूचे बटण दाबून लागोपाठ दोन-तीन आकडे दाबले, की मधल्या याद्या न वाचता हवे तिथे पोहोचता येई. २००३ च्या नोकिया ११०० ने याच्याही पुढचे टोक गाठले. त्या फोनवर ‘सी’ हे बटण दाबून धरले की टॉर्च लागे. ना मेनू, ना चिन्ह, ना वाचन. वीज गेलेल्या घरात, गोठ्यात, रात्रीच्या पायवाटेवर अंगठ्याला ते बटण चाचपून सापडे आणि डोळे वाटेवरच राहत. या फोनचा खप पंचवीस कोटींवर गेला. त्यात स्वस्ताईचा आणि टिकाऊपणाचा वाटा मोठा होता. पण कधीही अक्षरओळख न झालेल्या माणसालाही जे एक काम कोणाच्या मदतीशिवाय करता येत होते ते टॉर्चचे, हे विसरून चालणार नाही.

हा मार्ग अडला तो संख्येपाशी. बटणे चार किंवा बारा असू शकतात, शंभर असू शकत नाहीत. जून २००७ मध्ये पहिला आयफोन आला, तेव्हा त्याच्या स्क्रीनवर मोजकीच चिन्हे होती आणि खाली चार चिन्हांची कायमची ओळ. वर्षभराने, जुलै २००८ मध्ये, अ‍ॅप स्टोअर उघडले ते सुमारे पाचशे अ‍ॅप घेऊन, आणि ती मोजकी चिन्हे बघता बघता पानेच्या पाने भरू लागली. त्यानंतर झाले त्यातले बरेचसे डागडुजीत मोडते. २००९ मध्ये शोधाची सोय आली, २०१० मध्ये फोल्डर आले आणि २०२० मध्ये सगळी अ‍ॅप आपोआप गटांत लावणारे अ‍ॅप लायब्ररी नावाचे कपाट आले. अँड्रॉइडने २००८ च्या पहिल्या फोनपासूनच दोन थर केले. वर निवडक चिन्हांचा होमस्क्रीन आणि मागे सर्व अ‍ॅपचा खण. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये आपल्या फोनवर चिन्हांऐवजी जिवंत चौकोन आणले. नवे निरोप, हवामान, भेटीची वेळ त्या चौकोनावरच दिसे आणि पुष्कळदा अ‍ॅप उघडायची गरजच पडत नसे. या सगळ्या काळातला हा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. तो फोन बाजारात टिकला नाही याचे मोठे कारण त्यावर पुरेशी अ‍ॅप नव्हती हे होते. कल्पनेत खोट नव्हती.

चिन्हांच्या जाळीत बदल सुचवला की नेहमी एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे. लोकांना सवय झाली आहे, अब्जावधी माणसे रोज हीच जाळी वापरतात, मग सोपे करायचे काय उरले, असे विचारले जाते. सवयीचा मुद्दा खराच आहे. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवले, की पर्याय वाढत जातात तसा निवडीचा वेळ वाढतो खरा, पण त्या मानाने हळूहळू. मात्र हे लागू होते ते माणसाला पर्याय माहीत असतील आणि कुठला कुठे आहे हे ठाऊक असेल तेव्हा. जागा ठाऊक नसेल तर डोळ्यांना एकेक चिन्ह तपासत जावे लागते आणि चिन्हे दुप्पट झाली की वेळही जवळपास दुप्पट होतो. स्वयंपाक करताना मिसळणाच्या डब्यातली हळद कोणी शोधत नाही, हात आपोआप त्या वाटीत जातो. रोजच्या सात-आठ अ‍ॅपचे तसेच होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हीच सात-आठ अ‍ॅप असतात. उरलेल्या पन्नास-साठ अ‍ॅपच्या बाबतीत सवय होण्याइतका वापरच नसतो. विम्याचे अ‍ॅप, गॅस नोंदणीचे, शाळेच्या फीचे, वीजबिलाचे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेले ई-पीक पाहणीचे अ‍ॅप हे याचे चांगले उदाहरण आहे. खरिपाला आणि रब्बीला शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाची नोंद आणि फोटो द्यायचा, अशी ही योजना. जे अ‍ॅप हंगामातून एकदा लागते त्याची जागा कोणाच्या हाताला लक्षात राहणार? दोन हंगामांच्या मधे फोन बदललेला असतो, नाहीतर जागा करायला म्हणून कोणीतरी अ‍ॅप काढून टाकलेले असते. रोजचे आणि क्वचितचे हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांना एकच उत्तर देण्याच्या हट्टातून पुष्कळ गोंधळ झाला आहे.

फोल्डर हे त्या गोंधळाचे पहिले फळ. गट पाडले की पसारा आवरतो, हे शिकलेल्या माणसाला इतके उघड वाटते की त्याची तपासणीच कोणी करत नाही. ती भारतात झाली. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या इंद्राणी मेधी यांनी, केंतारो तोयामा आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातले अनिरुद्ध जोशी आणि उदय आठवणकर यांच्यासह, अक्षरओळख नसलेल्या लोकांना मोबाइलवर दोन तऱ्हेच्या मांडण्या वापरायला दिल्या. एकीत सर्व चिन्हे एका सलग यादीत होती, दुसरीत तीच चिन्हे गटांत आणि पोटगटांत विभागलेली. मजकूर मुद्दाम वगळला होता, म्हणजे वाचता न येण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेळेच्या आणि अचूकपणाच्या दोन्ही मोजमापांत सलग यादी सरस ठरली. त्याच सुमारास मेधी आणि सहकाऱ्यांच्या दुसऱ्या अभ्यासात शिक्षण कमी असलेल्यांना उतरंडीच्या मांडणीत वाट काढणे जास्त जड जाते असे आढळले. ‘अर्थ’, ‘प्रवास’, ‘उपयुक्त’ अशा खणांत वस्तू कल्पून ठेवणे ही शाळेत लागलेली सवय आहे. ती उपजत नसते. तिकिटाचे अ‍ॅप प्रवासात की खरेदीत, हे ठरवणारा आणि नंतर आठवणारा माणूस एकच असेल तोवर फोल्डर चालतो. अ‍ॅप लायब्ररीत हे ठरवते यंत्र आणि आठवायचे माणसाने. महाराष्ट्रातल्या घराघरांत आईवडिलांचा फोन मुलगा किंवा सून लावून देते, तिथेही हेच होते. लावणाऱ्याला आवरल्यासारखे वाटते, वापरणाऱ्याच्या हातून वस्तू निसटतात. गटांत विभागलेल्या मांडणीपेक्षा लांब, सलग, सरकत जाणारी आणि क्रम न बदलणारी यादी दिसायला अडाणी वाटेल. पण मोजमापाने कौल तिलाच दिला आहे.

शोधपट्टीचे काय? लिहिता येणाऱ्यासाठी ती खरोखर उत्तम सोय आहे, आणि पन्नास अ‍ॅपमधून एक काढायला दोन-तीन अक्षरे पुरतात. मराठी वाचकाला मात्र तिचा अर्धाच उपयोग होतो. बहुतेक भारतीय अ‍ॅप आपले नाव रोमन लिपीत ठेवतात आणि शोधपट्टी मुख्यतः त्या नावाशीच अक्षरे ताडून पाहते. देवनागरीत ‘वीजबिल’ लिहिले तर महावितरणचे अ‍ॅप वर यावे अशी अपेक्षा अगदी रास्त आहे, कारण माणसाच्या डोक्यात काम असते, अ‍ॅपचे नाव नसते. आयआयटी मुंबईतच तयार झालेल्या स्वरचक्रासारख्या कळफलकांनी देवनागरी टाइप करणे सोपे केले, त्यालाही आता दहा वर्षांवर काळ लोटला. टाइप केलेले समजून घेण्याची तयारी शोधपट्टीने दाखवलेली नाही. आवाजाने हा प्रश्न बराच सोडवला. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला, आणि टाइप करणे टाळणारे कितीतरी लोक माइकचे चिन्ह दाबून बोलतात. तरी आवाजाची मर्यादा जागेची आहे. लोकलच्या डब्यात, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात आपल्याला काय हवे आहे ते मोठ्याने बोलावेसे वाटत नाही, आणि गोंगाटात यंत्राला ते नीट ऐकूही जात नाही.

आता अंदाजाचा मार्ग. फोनला वेळ, ठिकाण, आधी उघडलेले अ‍ॅप हे सगळे माहीत असते, मग त्यानेच पुढचे अ‍ॅप सुचवावे, यावर २०१० नंतर पुष्कळ संशोधन झाले आणि २०१५ च्या सुमारास दोन्ही मोठ्या प्रणालींत सुचवलेल्या अ‍ॅपची ओळ दिसू लागली. अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, हे मान्यच आहे. पण तो बरोबर येतो तो रोजच्या अ‍ॅपबद्दल, ज्यांच्यासाठी त्याची गरजच नव्हती. क्वचितच्या अ‍ॅपबद्दल यंत्राजवळ माहितीच नसते, म्हणून नेमके जिथे माणूस अडतो तिथे यंत्रही अडते. जागा बदलण्याची किंमतही मोजावी लागते. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने मेनूतल्या कमी वापराच्या आज्ञा लपवून वापरातल्या वर ठेवण्याची सोय केली होती. हाताला बसलेली जागा हलू लागल्याने ती लोकांना डोकेदुखी वाटली आणि पुढे २००७ च्या नव्या मांडणीत ती पद्धत मागे पडली. क्रिस्टॉफ गायोस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा बदलत्या मांडण्यांची तुलना केली. मूळ जागा तशीच ठेवून सुचवलेल्या गोष्टींची प्रत वेगळ्या पट्टीत दाखवणारी मांडणी तीत उजवी ठरली. सुचवलेल्या अ‍ॅपची वेगळी ओळ म्हणूनच सोसवते. तिने होमस्क्रीनचा क्रमच हाती घेतला तर मात्र ती मदत राहणार नाही. त्यामुळे अंदाजाला विरोध करण्याचे कारण नाही, त्याला पट्टीबाहेर येऊ देऊ नये इतकेच.

उरतो तो कामापासून सुरुवात करण्याचा मार्ग, आणि भारतात त्याचे जगात क्वचितच सापडेल असे उदाहरण रोज दिसते. भाजीच्या गाडीवर टांगलेला क्यूआर कोड जवळून पाहावा. त्या ठिपक्यांत एक छोटी ओळ लिहिलेली असते: हे यूपीआयने पैसे देण्याचे काम आहे, घेणाऱ्याचा पत्ता अमुक, नाव तमुक, चलन रुपया. दुकानात बिल करून दाखवलेला कोड असेल तर रक्कमही त्यातच असते. कोणते अ‍ॅप उघडायचे ते त्यात लिहिलेले नसते. फोनमध्ये यूपीआय समजणारे जे अ‍ॅप असेल ते हे काम उचलते. वेबसाइटवरून किंवा दुसऱ्या अ‍ॅपमधून पैसे देताना अँड्रॉइड हीच ओळ वाचतो, आपल्याकडची योग्य अ‍ॅप समोर ठेवतो आणि निवडलेले अ‍ॅप थेट पैसे देण्याच्या पानावर उघडते. होमस्क्रीन, फोल्डर, अ‍ॅपचे पहिले पान, त्यातला मेनू, या चारही पायऱ्या गळून पडतात. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि डिसेंबर २०१६ मध्ये भीम अ‍ॅप आले. त्यानंतर हा व्यवहार शहरापासून आठवडी बाजारापर्यंत गेला, त्यात शुल्क नसणे, नोटाबंदी आणि स्वस्त डेटा ही कारणे होतीच. पण शिकवणी न लावता लोक हे शिकले याचे श्रेय मी या रचनेला देतो. माणसाने फोन रोखायचा तो समोरच्या वस्तूवर, आणि फोनने ठरवायचे काय उघडायचे ते.

चीनमध्ये हीच दिशा वेगळ्या वाटेने घेतली गेली. वीचॅटने जानेवारी २०१७ मध्ये छोटी अ‍ॅप आणली. ती उतरवून घ्यावी लागत नाहीत, दुकानातला किंवा बसथांब्यावरचा कोड वाचला की उघडतात आणि काम झाले की बाजूला होतात. आपल्याकडे मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोचे तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हाय’ पाठवून काढता येते, ते याच जातीचे. ज्या जागी माणूस आधीच वावरतो, तिथेच काम आणून ठेवायचे. गूगलने २०१६ मध्ये आणि अ‍ॅपलने २०२० मध्ये न उतरवता चालणारी अ‍ॅप जाहीर केली होती, पण ती फारशी रुजली नाहीत. कारण सरळ आहे. कंपनीला आपले चिन्ह तुमच्या फोनवर कायमचे बसायला हवे असते, काम करून निघून जाणारे अ‍ॅप तिच्या हिशेबात बसत नाही. वीचॅटला आणि यूपीआयला ते जमले, कारण तिथे रस्ता बांधणारा आणि त्यावरून जाणारा दुकानदार वेगळे होते आणि दुकानदाराला चिन्हापेक्षा गिऱ्हाइकाची गरज होती. अर्धवट प्रयत्नही उद्बोधक आहेत. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर तिकिटासाठी कोड चिकटवले गेले, पण ते वाचायचे रेल्वेच्या यूटीएस या तिकिटाच्या अ‍ॅपच्या आतून. म्हणजे धावपळीतल्या प्रवाशाने आधी अ‍ॅप शोधायचे, मग त्यातला पर्याय शोधायचा, आणि मगच समोरच्या भिंतीकडे पाहायचे. कोडमुळे जी पायरी टळायला हवी होती तीच शिल्लक राहिली.

साध्या फोनवर हा प्रश्न आणखी उघडा पडतो, कारण तिथे चिन्हांची रोषणाई नसते. केनियात मार्च २००७ मध्ये आलेल्या एम-पेसाने आपला मेनू सिमकार्डातच ठेवला. फोन कुठलाही असो, सिम घातले की सेवा तिथे हजर. भारतात स्टार ९९ हॅश हा क्रमांक फिरवून बँकेचे व्यवहार करण्याची सोय झाली. तीत आकड्यांच्या याद्यांतून पुढे जावे लागे आणि मधेच वेळ संपून सत्र तुटे, त्यामुळे ती लोकांच्या अंगवळणी पडली नाही. मार्च २०२२ च्या यूपीआय १२३ पे मध्ये मिस्ड कॉल आणि बोलका मेनू यांचा आधार घेतला गेला. मिस्ड कॉल हे तर सेवा सुरू करण्याचे अस्सल भारतीय साधन आहे. बँकेतली शिल्लक त्यावर कळते, आणि क्रमांक नावानिशी साठवून ठेवता येत असल्याने प्रत्येक सेवा फोनबुकातले एक नाव बनते. फोनबुक वापरता न येणारा फोनधारक विरळाच.

सर्वांत गंभीर आक्षेप फसवणुकीचा आहे. उघडणे इतके सोपे झाले तर लुटणेही सोपे होईल, असे पोलीस आणि बँका म्हणतात, आणि त्यांच्याजवळ दाखले आहेत. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडून खाते रिकामे झालेली माणसे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. पैसे मिळवायला हा कोड स्कॅन करा, असे सांगून पिन टाकायला लावणारेही आहेत. तरीही या दाखल्यांतून अ‍ॅप उघडणे अवघड करावे असे निघत नाही. कोड वाचून अ‍ॅप उघडल्याने एक रुपयाही जात नाही, तो जातो पिन टाकल्यावर. एपीके फाइल नुसती आल्याने काही होत नाही, ती बसवायला परवानगी दिल्यावर होते. अँड्रॉइडने २०१७ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी मागायला सुरुवात केली, पण तिथली सूचना अशा भाषेत असते की ती न वाचताच पुढे जाण्याची सवय होते. अडथळा हवाच, तो दारात नको, गल्ल्यापाशी हवा. पैसे देण्याच्या पानावर ‘तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत’ हे मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि बोलून सांगितले पाहिजे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद केली, ती याच विचाराला धरून आहे. तिथे दुसऱ्याने पाठवलेल्या मागणीने अ‍ॅप उघडत असे आणि गैरसमजात पिन पडत असे. कोणाच्या पुढाकाराने अ‍ॅप उघडले हा निकष कळीचा आहे. माणसाने स्वतः रोखलेला कॅमेरा आणि परक्याने पाठवलेली लिंक यांना फोनने सारखे वागवू नये.

हाच निकष फोनच्या व्यसनाच्या आक्षेपालाही पुरतो. आंत्ती ओउलासव्हिर्ता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लिहिले, की फोन थोडा वेळ उघडून उगीच बघण्याची सवय लागते आणि तीच पुढे दुसऱ्या वापराला वाट करून देते. त्यावरून काही जण म्हणतात की वाट थोडी खडबडीत असलेलीच बरी. पण खडबडीत वाट कोणाला थांबवते ते पाहा. रील्सचे अ‍ॅप अंगठ्याखाली असते, शिवाय ते दिवसभर सूचना पाठवून स्वतःच उघडायला बोलावत राहते. अडखळतो तो पेन्शनचा दाखला शोधणारा निवृत्त माणूस. अ‍ॅपने माणसाला हाक मारण्यावर मर्यादा घालायलाच हव्यात. अँड्रॉइडने २०२२ पासून सूचना पाठवण्याआधी परवानगी मागणे सुरू केले ते योग्यच झाले. माणसाने अ‍ॅपला मारलेली हाक मात्र पहिल्याच झटक्यात ऐकू गेली पाहिजे.

अलीकडे असेही म्हटले जाते, की हा सगळा खटाटोप लवकरच कालबाह्य होईल, कारण कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाला काम सांगितले की तोच अ‍ॅप उघडून ते उरकेल. दिशा मला पटते, ती कामापासूनच सुरुवात करते. पण मदतनिसाला ‘पुण्याची गाडी बघ’ म्हटल्यावर तो कोणाच्या दुकानात जाईल, हे ठरवणारी एक कंपनी असेल. आजही होमस्क्रीनवरची जागा विकली आणि अडवली जाते. फोन घेतल्याबरोबर त्यावर आधीपासून बसवलेली आणि सहज न निघणारी अ‍ॅप हा त्याचा पुरावा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात फोन बनवणाऱ्यांना गूगलची सगळी अ‍ॅप एकत्रच बसवायला लावणे आणि ती ठळक जागी ठेवायला लावणे हे प्रमुख मुद्दे होते. दंड अपिलातही कायम राहिला. म्हणजे अ‍ॅप कुठून उघडते हा स्पर्धेचा प्रश्न आहे हे कायद्याने मान्य केले आहे. मदतनिसाच्या युगात हा प्रश्न जास्त तीव्र होईल, कारण जाळीत निदान शेजारचे चिन्ह दिसते, मदतनीस दुसरा पर्याय दाखवेलच असे नाही. यूपीआयची ओळ जशी कुठल्याही अ‍ॅपला उचलता येते, तशी तिकिटाची, वीजबिलाची, दाखल्याची ओळ सार्वजनिक असली तर मदतनिसालाही निवड आपल्यासमोर ठेवावी लागेल. भारतात हे एकदा करून दाखवले गेले आहे, म्हणून ही मागणी हवेतली नाही.

पक्क्या जागेच्या बाजूनेही सरकारी नियमाचा दाखला आहे. संकटसमयीच्या बटणाबद्दलच्या २०१६ च्या नियमांनी साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरला की, आणि स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबले की मदतीचा फोन लागावा असे ठरवून दिले. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांसाठी हे बंधन होते. फोनची कंपनी कोणतीही असो, हाताची खूण एकच, आणि ती कोणाला विकत घेता येत नाही. फोन बनवणारे एकेक बटण परत आणत आहेत, पण महागड्या फोनवर. आयफोन १५ प्रो मध्ये २०२३ साली आलेले, मालकाला हव्या त्या कामाला लावता येणारे बाजूचे बटण दहा हजारांच्या फोनवर जास्त गरजेचे आहे, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला तोच फोन येतो. त्याच वर्षी अ‍ॅपलने मोजक्या अ‍ॅपची, मोठ्या चिन्हांची सोपी मांडणी दिली. सॅमसंगमध्ये इझी मोड आधीपासून आहे. या मांडण्या सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर असतात, म्हणजे ज्याला त्यांची गरज आहे त्याला त्या सापडण्याची शक्यता सर्वांत कमी. फोन पहिल्यांदा सुरू करताना भाषा विचारली जाते. त्याच पानावर ही मांडणीही विचारावी, निवडलेली जागा फोन अद्ययावत झाल्यावर हलवू नये, आणि एक बटण मालकाच्या मर्जीने लावता यावे. संकटाच्या बटणाचा नियम करणाऱ्या सरकारला एवढे नियमात घालणे अवघड नाही.